'सेंड' दाबलं म्हणजे गेलं का?

गेल्या जुलैत आम्ही सगळी भावंडं भंडारदऱ्याला गेलो होतो. ज्यांनी ऐन पावसातलं भंडारदरा पाहिलंय त्यांना सांगायला नको. कळसूबाई ढगात बुडालेली, रतनगडाचा पत्ता नाही, भातखाचरांत लावणी चाललेली आणि धरणाच्या भिंतीवर उभं राहिलं तर समोर पाणी संपून आभाळ कुठे सुरू होतं तेच कळत नाही. शेंडीत गरम भाकरी, पिठलं, ठेचा. लाईट यायची, जायची. मोबाईलची रेंजही तशीच, मनात येईल तेव्हा यायची.

सोबत माझा धाकटा मामेभाऊ होता. नाशिकला त्याचं छोटं वर्कशॉप आहे, पितळी सुटे भाग बनवतो आणि थोडाफार माल बाहेर पाठवतो. त्या शुक्रवारी जर्मनीतल्या एका खरेदीदाराची मोठी ऑर्डर ठरायची होती. त्यांचं म्हणणं सरळ होतं: एवढे नग, एवढा भाव, आज आमच्या संध्याकाळच्या पाचपर्यंत ई-मेलनं होकार कळवा. त्यांचे पाच म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेआठ. पठ्ठ्यानं दुपारीच पितळेच्या सळ्यांचं बुकिंग करून टाकलेलं. सव्वासातला व्हरांड्यात उभं राहून त्यानं होकाराची मेल लिहिली, 'सेंड' दाबलं, फोन खिशात टाकला आणि भजी खायला आत आला.

आठच्या सुमाराला आम्ही निघालो. घोटी जवळ आलं आणि नऊ वाजून दहा मिनिटांनी मागच्या सीटवर 'टिंग' झालं. मेल तेव्हा गेली. दोन तास ती आऊटबॉक्समध्ये आमच्याबरोबर घाट उतरत होती!

सोमवारी उत्तर आलं. तुमचा होकार मुदतीनंतर पोचला, आम्ही निम्मं काम दुसऱ्याला दिलं, उरलेलं निम्मं हवं असेल तर सांगा. मामेभावानं तेवढं घेतलं, पण सळ्या तर पूर्ण ऑर्डरीच्या घेऊन ठेवलेल्या. बँकेचा हप्ता डोक्यावर. त्यानं मला फोन केला तो रागातच.

"ताई, तुझ्या त्या भंडारदऱ्यानं माझी अर्धी ऑर्डर घालवली. आणि मला सांग, मी सव्वासातला सेंड दाबलं ना? म्हणजे मी वेळेत हो म्हटलं. पुढे रेंज नाही हा माझा दोष का?"

(सहलीचा आग्रह माझाच होता, हे सगळ्या नातेवाईकांना माहीत आहे. तेव्हा गप्प बसले.)

मी आयुष्यभर बँकेत परदेशी व्यवहारांच्या खात्यात काम केलं आणि नोकरी करता करता कायद्याची पदवी घेतली. वकिली कधी केली नाही. पण फोन ठेवल्यावर जाणवलं की त्यानं रागानं विचारलेला प्रश्न चांगला दोनशे वर्षं जुना आहे. होकार नेमका केव्हा 'दिला' जातो? आपण बोलतो तेव्हा, तो निघतो तेव्हा, की समोरच्याला पोचतो तेव्हा? आणि कुठे दिला जातो? या प्रश्नाचा प्रवास मोठा मजेशीर आहे आणि त्याचा एक महत्त्वाचा मुक्काम आपल्या खामगावात आहे. म्हणून हा लेख.

सुरुवात इंग्लंडमधल्या लोकरीपासून. सप्टेंबर १८१७ मध्ये लिंडसेल नावाच्या व्यापाऱ्यांनी अ‍ॅडम्स यांना पत्र लिहिलं की एवढी लोकर एवढ्या भावानं देतो, उलट टपाली कळवा. पण पाकिटावर परगणा चुकीचा लिहिला. पत्र भलतीकडे हिंडून ५ तारखेला संध्याकाळी पोचलं. अ‍ॅडम्सनी त्याच संध्याकाळी होकाराचं पत्र टपालात टाकलं. ते ९ तारखेला पोचलं. इकडे लिंडसेलनी वाट पाहून पाहून ८ तारखेला लोकर दुसऱ्यालाच विकून टाकली होती. १८१८ मध्ये निकाल लागला: होकाराचं पत्र पेटीत पडलं तेव्हाच करार झाला. नाहीतर 'तुमचा होकार पोचला' हे पत्र पोचल्याचं पत्र, मग त्याच्या पोचेचं पत्र, असं हे प्रकरण कधीच संपणार नाही. टपालाच्या दिरंगाईचा धोका प्रस्ताव मांडणाऱ्याच्या अंगावर. हाच तो प्रसिद्ध टपालाचा नियम.

आपल्याकडे भारतीय करार कायदा आला १८७२ मध्ये. काळ लक्षात घ्या. सुएझ कालवा १८६९ मध्ये उघडला होता. १८७० मध्ये मुंबई समुद्राखालच्या तारेनं लंडनशी जोडली गेली. ज्या निरोपाला बोटीनं आठवडेच्या आठवडे लागायचे तो आता तासांत जाऊ लागला. मुंबईच्या कापूस बाजारात लिव्हरपूलचे भाव तारेनं यायला लागले. तारेला शब्दागणिक पैसे, म्हणून व्यापाऱ्यांची सांकेतिक शब्दांची पुस्तकं निघाली. एका शब्दात अख्खं वाक्य!

या कायद्याचं चौथं कलम मला अजून तोंडपाठ आहे. ते म्हणतं, होकार पाठवणाऱ्याच्या हातून सुटून, त्याला परत घेता येणार नाही अशा रीतीनं वाटेला लागला की प्रस्ताव मांडणारा बांधला जातो. आणि होकार देणारा स्वतः केव्हा बांधला जातो? तर तो होकार समोरच्याला कळतो तेव्हा. म्हणजे पत्र टाकल्यावर मन बदललं तर पाठोपाठ तार करून ते मागे घेता येतं, तार आधी पोचली पाहिजे इतकंच. दोघांना दोन वेगवेगळ्या क्षणी बांधणारी ही रचना टपाल आणि तार डोळ्यांपुढे ठेवून केलेली होती. टेलिफोनचा तर शोधच लागायचा होता, तो १८७६ चा.

आता खामगावला येऊ.

बुलढाणा जिल्ह्यातलं खामगाव म्हणजे वऱ्हाडातली कापसाची जुनी पेठ. कापूस आला की जिनिंग आलं, सरकी आली, तेलाच्या गिरण्या आल्या आणि मागे उरणारी सरकीची ढेप आली (आपण पश्चिमेकडचे लोक पेंड म्हणतो). २२ जुलै १९५९ रोजी अहमदाबादची गिरधारीलाल पुरुषोत्तमदास ही पेढी आणि खामगावची केडिया जिनिंग फॅक्टरी अँड ऑईल मिल्स यांच्यात या पेंडीचा सौदा झाला. कसा? ट्रंक कॉलवर! कागद नाही, सही नाही. तिकडून भाव विचारला असेल, इकडून हो म्हटलं असेल. पुढे माल आला नाही असं म्हणत अहमदाबादच्या पेढीनं तिथल्या सिटी सिव्हिल कोर्टात ३१,१५० रुपयांचा दावा लावला.

खामगावकरांचं म्हणणं होतं की हा दावा अहमदाबादला चालूच शकत नाही. प्रस्ताव त्यांनी केला, आम्ही खामगावात बसून हो म्हटलं. माल खामगावात द्यायचा होता, पैसेही खामगावातच मिळायचे होते. मग अहमदाबादचा संबंध काय? वरवर पाहता तांत्रिक वाद वाटतो. पण ज्यानं कधी परगावच्या कोर्टाच्या तारखा केल्यात त्याला विचारा. प्रवास, मुक्काम, अनोळखी वकील, वेगळी भाषा. दावा कुठे चालणार यावर छोट्या माणसाची लढायची हिंमत ठरते.

यात आणखी एक गंमत आहे. सौदा झाला तेव्हा खामगाव आणि अहमदाबाद दोन्ही एकाच राज्यात होती, द्विभाषिक मुंबई राज्यात. १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. ज्या फोनच्या तारेची दोन टोकं एका राज्यात होती, ती कोर्टकचेरी होईपर्यंत दोन राज्यांत गेली.

प्रकरण चढत चढत सुप्रीम कोर्टात गेलं. ३० ऑगस्ट १९६५ रोजी निकाल लागला, दोन विरुद्ध एक. न्यायमूर्ती वांच्छू आणि शहा यांच्या बाजूनं निकालपत्र शहांनी लिहिलं. त्यांचं म्हणणं साधारण असं की टपालाचा आणि तारेचा नियम हा सोयीसाठी केलेला अपवाद आहे. फोनवर दोन माणसं जणू समोरासमोरच बोलतात. समोरासमोर बोलताना समोरच्यानं 'हो' ऐकलं की करार होतो. म्हणून करार झाला तो 'हो' ऐकू आलं तिथे, म्हणजे अहमदाबादला. खामगावकर हरले.

पण मला कायम जवळचं वाटतं ते तिसऱ्या न्यायमूर्तींचं वेगळं मत. ते होते न्या. हिदायतुल्ला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले, पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले. ते म्हणाले, चौथं कलम नीट वाचा. त्यात टपाल, तार, टेलिफोन असा भेद कुठेच केलेला नाही. खामगावच्या माणसानं फोनमध्ये 'हो' म्हटलं त्या क्षणी शब्द त्याच्या हातून सुटला. तो आता परत घेता येत नाही. म्हणून करार खामगावात झाला. यंत्रं बदलली म्हणून कायदा बदलायचा असेल तर तो संसदेनं बदलावा.

माझं मत विचाराल तर व्यवहाराला शहांचा निकाल सोयीचा आणि शब्दांना हिदायतुल्लांचा. दोघेही आपापल्या जागी बरोबर वाटतात, आणि म्हणूनच हा खटला कायद्याच्या वर्गात आजही रंगतो.

शहांच्या बाजूनं आधार होता तो १९५५ च्या एका इंग्लिश निकालाचा. लंडनची एंटोरेस कंपनी, अ‍ॅमस्टरडॅममधले एजंट, तांब्याचा सौदा आणि मधे टेलेक्स. लॉर्ड डेनिंग यांनी त्यात एक साधं चित्र उभं केलं होतं. नदीच्या दोन काठांवर दोन माणसं उभी आहेत. एकानं ओरडून प्रस्ताव मांडला, दुसऱ्यानं ओरडून हो म्हटलं, पण नेमकं तेव्हाच डोक्यावरून विमान गेलं आणि उत्तर ऐकूच आलं नाही. झाला का करार? नाही. हो म्हणणाऱ्यानं विमान जाऊ द्यावं आणि पुन्हा ओरडावं. फोन मधेच तुटला तर पुन्हा लावावा. टेलेक्सच्या दुसऱ्या टोकाची शाई संपली तर पुन्हा पाठवावं. आपला होकार पोचलाय याची खात्री होकार देणाऱ्यानं करायची.

प्रवरेच्या खोऱ्यात हे चित्र कुणालाही पटेल. पावसात एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक मारताना आवाज किती पोचतो ते भात लावणाऱ्यांना विचारा.

टेलेक्सशी माझा स्वतःचा संबंध आला. बँकेत परदेशी पतपत्रं टेलेक्सनं यायची तेव्हा त्यावर 'टेस्ट' असायची, म्हणजे एक गुप्त आकडा. तो आमच्या तक्त्याशी जुळला तरच संदेश खरा मानायचा. सहीची जागा आकड्यानं घेतली होती आणि तेव्हा कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढे ई-मेल आली आणि एकदम सगळ्यांना धाकधूक वाटायला लागली. याला कागद म्हणायचं का? सही कुठली? मूळ प्रत कुठली?

या गोंधळावर पहिलं मोठं उत्तर दिलं ते संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा आयोगानं. १९९६ मध्ये त्यांनी इलेक्ट्रॉनिक व्यापाराचा एक नमुना कायदा तयार केला. भारतानं त्यावरूनच आपला माहिती तंत्रज्ञान कायदा केला, जो १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. आपण या कायद्याला 'सायबर गुन्ह्यांचा कायदा' म्हणून ओळखतो, पण त्याचं मूळ व्यापारात आहे.

मग त्याच आयोगानं एक पाऊल पुढे टाकून देशांनी आपापसांत पाळायचा करारच तयार केला: आंतरराष्ट्रीय करारांमधल्या इलेक्ट्रॉनिक संदेशांविषयीचा. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं तो २३ नोव्हेंबर २००५ रोजी स्वीकारला. तो आहे व्यापाऱ्यांसाठी. घरगुती खरेदी त्यात येत नाही, हुंड्या-वचनचिठ्ठ्याही नाहीत. नियम अगदी व्यवहारी आहेत. केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून संदेशाला नाकारायचं नाही. कागद आणि सही ज्यासाठी लागतात ते काम जर इलेक्ट्रॉनिक साधन करत असेल तर ते पुरेसं. जगजाहीर वेबसाईटवर मालाचे भाव लावले तर तो सहसा प्रस्ताव नाही, या बघा असं आमंत्रण. समोर माणूस नसून आपोआप चालणारी यंत्रणा असेल, हातून चुकीचा आकडा दाबला गेला आणि दुरुस्तीची सोयच नसेल, तर काही अटींवर ती चूक मागे घेता येते.

आणि वेळ? संदेश पाठवणाऱ्याच्या ताब्यातल्या यंत्रणेतून बाहेर पडला की 'निघाला'. घेणाऱ्यानं दिलेल्या पत्त्यावर त्याला उघडता येईल असा झाला की 'पोचला'. त्यानं उघडून वाचला की नाही हा प्रश्न नाही. जागा? दोघांच्या धंद्याची जागा. सर्व्हर कुठे आहे याला महत्त्व नाही.

हा करार प्रत्यक्ष अमलात यायला १ मार्च २०१३ उजाडलं. डॉमिनिकन रिपब्लिक, होंडुरास आणि सिंगापूर हे पहिले तीन देश. शेजारच्या श्रीलंकेनं २०१५ मध्ये मान्यता दिली. भारत त्यात नाही, जर्मनीही नाही. योगायोग पाहा, त्याच २०१३ च्या जुलैत आपल्याकडची तारसेवा बंद झाली. तार आली की घरात रडारड सुरू व्हायची, ते दिवस आठवतात ना आत्या?

भारत त्या करारात नसला तरी आपल्या २००० च्या कायद्याचं तेरावं कलम जवळजवळ हेच सांगतं. त्यावर अलाहाबाद हायकोर्टाचा २००५ चा एक निकाल आहे. कोळशाच्या ई-लिलावात होकार ई-मेलनं आला, मग वाद झाला की दावा कुठे चालायचा. कोर्टानं म्हटलं की ई-मेल माणूस जगात कुठेही बसून उघडू शकतो, त्यामुळे 'कुठे पोचली' हे शोधण्यात अर्थ नाही. कायद्यानंच ठरवलंय की ज्याच्या त्याच्या धंद्याच्या जागी पोचली असं मानायचं. खामगावचा साठ वर्षांपूर्वीचा प्रश्न ई-मेलपुरता असा सुटला!

पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन ऑक्टोबर २००९ पासून कलम १०-अ आलं: करार इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं झाला एवढ्याच कारणानं तो अमान्य ठरणार नाही. आणि जानेवारी २०१० मध्ये सुप्रीम कोर्टापुढे दुबईची ट्रायमेक्स आणि आपल्याकडची वेदांता अ‍ॅल्युमिनियम यांचं प्रकरण आलं. ऑस्ट्रेलियाहून बॉक्साईटच्या पाच खेपा, ऑक्टोबर २००७ मध्ये एका दिवशी ई-मेलनं प्रस्ताव, दुसऱ्या दिवशी ई-मेलनं होकार. रीतसर करारावर सह्या झाल्याच नाहीत. कोर्ट म्हणालं, मुख्य गोष्टी ठरल्या होत्या, करार झाला. जहाजं भरून जाणारा माल दोन मेलवर!

तर आता आमच्या घरच्या खटल्याकडे.

मामेभावाला मी नंतर शांतपणे सांगितलं. तुझा करार झाला असता तर तो भंडारदऱ्याचा नसता, नाशिकचाच असता, कारण तुझा धंदा तिथे आहे. व्हरांड्याचा काही संबंध नाही. पण वेळेच्या बाबतीत तू कुठल्याच कायद्यानं सुटत नाहीस. डेनिंग म्हणणार, पुन्हा ओरडायचं होतंस. जर्मनीचा कायदाही होकार पोचल्यावरच मानतो. आपलं तेरावं कलम म्हणणार, संदेश तुझ्या ताब्यातून बाहेरच पडला नव्हता. आणि तुझा सगळ्यात मोठा कैवारी होऊ शकले असते ते हिदायतुल्ला, पण तेही नाही म्हणतील. घोटीपर्यंत तू ती मेल केव्हाही पुसू शकला असतास. हातून सुटलीच नव्हती.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे आवर्तनासारखं."

मी विचारलं, म्हणजे काय?

त्याची सासुरवाडी श्रीरामपूरकडची. १९२६ मध्ये हे विल्सन धरण पुरं झालं ते मुळी खालच्या त्या कोरड्या पट्ट्यासाठी. आजही भंडारदऱ्याचं आवर्तन सुटलं की पेपरात बातमी येते. पण पाणी रंध्याहून निळवंड्यात, तिथून ओझरच्या बंधाऱ्यावर, तिथून कालव्यात, मग चारीत. सासरे म्हणतात, आवर्तन सुटल्यावर ऊस भिजत नाही, चारीला पाणी आल्यावर भिजतो.

दोनशे वर्षांचे निकाल वाचून मला जे सांगायला इतकी पानं लागली ते त्या शेतकऱ्यानं एका वाक्यात सांगितलं. फक्त एक फरक आहे. आवर्तन सुटलं नाही तर निदान नदी बघून कळतं. आमच्या खिशातल्या फोननं तेवढंही सांगितलं नाही.

उरलेल्या सळ्या हळूहळू खपल्या, दिवाळीपर्यंत थोडी ओढाताण झाली. आता तो महत्त्वाची मेल पाठवली की 'सेंट'मध्ये जाऊन बघतो आणि वर फोन करून विचारतो, "पोचली का?" अ‍ॅडम्स आणि लिंडसेलच्या न्यायाधीशांना ज्या न संपणाऱ्या पोचपावत्यांची भीती वाटत होती, त्या आता फुकटात होतात, हेही खरंच.

या पावसाळ्यात पुन्हा भंडारदऱ्याला जायचं ठरतंय. तो यायला तयार आहे. अट एकच, शुक्रवार नको.